लेझर मारणारा हात कुणाचा?

लग्नाचा सीझन आला की मुंबई-पुणंच काय, यवतमाळ-पुसदमध्येही पार्लरात एकच विषय, लेझर! व्हॅक्सिंगची कटकट एकदाची संपणार म्हणून अख्खा पगार पॅकेजवर उडतो. (‘कायमचं’ वगैरे काही नसतं हं. केस कमी आणि बारीक होतात, तेही सहा-आठ सीटिंगनंतर.)

पण मशीन चालवतंय कोण, हे आपण विचारतो? भिंतीवर गुमास्ता दिसला की आपण निर्धास्त! तो कागद एवढंच सांगतो की इथे दुकान आहे. २०१७च्या कायद्यानुसार कामगार मोजकेच असले, तर नुसती सूचना देऊनही भागतं. १९४९चा नर्सिंग होम कायदा पेशंट दाखल करणाऱ्यांसाठी, आणि केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्रानं स्वीकारलेलाच नाही. या फटीत लेझरवाले आरामात बसतात. प्रशिक्षित डॉक्टरच हवा, असं त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८मध्येच लिहून ठेवलंय. पण तो सल्ला, कायदा नव्हे.

त्यात आपली सावळी त्वचा! लेझर केसातल्या मेलॅनिनला तापवतं. तेच त्वचेत भरपूर असलं की चटका त्वचेलाच बसतो, मग डाग. अशा त्वचेला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग त्यातल्या त्यात सुरक्षित. विदर्भाच्या उन्हात रापून आला असाल, तर थांबाच.

काउंटरवर डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर मागा आणि तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासा. टेस्ट पॅच, डोळ्यांना गॉगल, दोन्ही हवेतच. आणि हनुवटीवर अचानक केस, वर पाळीही अनियमित? मग आधी हार्मोन्सची तपासणी, पॅकेज नंतर.