मराठी बायबलातील काही शब्द आणि आद्य ख्रिस्ती धर्माची यहुदी पार्श्वभूमी

नवी मुंबईच्या वसाहतीची आखणी होण्यापूर्वी सुमारे सव्वाशे वर्षे, म्हणजे इ. स. १८४९ मध्ये, शेजारच्या पनवेल गावी बेने इस्राएल समाजाने आपले ‘बेथ एल’ हे प्रार्थनामंदिर बांधले. अशा वास्तूला या समाजाचे जुने लोक मराठीत ‘मशीद’ म्हणत असत. मुंबईतील १७९६ चे त्यांचे पहिले प्रार्थनामंदिरही ‘जुनी मशीद’ या नावानेच ओळखले जाई. मराठी बायबलाच्या नव्या करारात मात्र याच संस्थेला ‘सभास्थान’ म्हटले आहे. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाचा ग्रंथपट उघडून वाचतो, हा लूकच्या चौथ्या अध्यायातील प्रसंग मराठी ख्रिस्ती वाचकाच्या चांगल्या परिचयाचा असतो. परंतु ‘सभास्थान’ म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील मराठी भाषिक यहुद्यांची ‘मशीद’ ज्या परंपरेत मोडते ती संस्था होय, हे त्याच्या सहसा ध्यानात येत नाही. एकाच भाषेत, एकाच वस्तूसाठी, दोन शेजारी समाजांनी दोन शब्द वापरले आणि त्यामुळे वस्तूचे एकत्व झाकले गेले.

ख्रिस्ती धर्मविचाराच्या अभ्यासात आद्य ख्रिस्ती धर्माच्या यहुदी पार्श्वभूमीला किती महत्त्व आहे, हे आता निराळे सांगावयास नको. येशू, त्याचे बारा शिष्य, पौल व पहिल्या मंडळीतील बहुतेक सर्व माणसे यहुदी होती आणि त्यांचे धर्मशास्त्र म्हणजे हिब्रू शास्त्रग्रंथच होते. तथापि हा अभ्यास मराठीतून करू इच्छिणाऱ्याने आरंभ कोठून करावा, हा प्रश्न उरतोच. मराठी बायबलातील मोजक्या पारिभाषिक शब्दांचा मागोवा ग्रीकच्या द्वारा हिब्रूपर्यंत घेणे, हा त्याचा एक उत्तम आरंभ ठरू शकतो. हा मागोवा न घेता शब्दांचे मराठी अर्थच प्रमाण मानले, तर यहुदी धर्माचे एक विपर्यस्त चित्र मनात तयार होते आणि त्या चित्रावर उभारलेला ख्रिस्ती धर्मविचारही डळमळीत राहतो.

प्रथम विशेषनामे पाहावीत. नव्या करारातील नावे मुळात हिब्रू किंवा अरामी. ती ग्रीकमध्ये आली आणि ग्रीकमधून इतर भाषांत गेली. इंग्रजीत या प्रवासात पुष्कळ नावांचे यहुदी रूप नाहीसे झाले. इसहाकाचा पुत्र ‘जेकब’ आणि येशूचा शिष्य ‘जेम्स’ हे एकाच नावाचे धनी आहेत, हे इंग्रजी वाचकाला मुद्दाम सांगावे लागते. मराठीत दोघेही ‘याकोब’च आहेत. त्याचप्रमाणे कुलपती यहूदा आणि शिष्य यहूदा इस्कर्योत यांचे नामसाम्य मराठीत स्पष्ट दिसते. दोन ठिकाणी मात्र मराठीचाही धागा तुटला आहे. मोशेची बहीण ‘मिर्याम’ आणि येशूची माता ‘मरीया’ ही मूळचे एकच नाव असून मराठीत वेगळी वाटतात. आणि ‘यहोशवा’ व ‘येशू’ यांच्याबाबतीतही तसेच घडले आहे. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात यहोशवाचा उल्लेख येतो, तेथे ग्रीक मूळात ‘येसूस’ हेच रूप आहे. लोकांना विसाव्याच्या भूमीत नेणारा पहिला येशू आणि दुसरा येशू, ही त्या पत्रातील तुलना मराठी वाचकाच्या कानावर पडतच नाही.

‘ख्रिस्त’ हा शब्दही नावासारखा वापरला जातो. वास्तविक ती पदवी आहे. हिब्रू ‘माशियाह’ म्हणजे तेलाने अभिषेक झालेला. त्याचे ग्रीक भाषांतर ‘ख्रिस्तोस’. योहानाच्या पहिल्या अध्यायात हे दोन्ही शब्द शेजारी ठेवून अर्थ दिला आहे. ‘अभिषेक’ म्हटले की मराठी मनापुढे प्रथम शंकराच्या पिंडीवरील जलधार उभी राहते. परंतु येथे देवपूजेतील अभिषेकापेक्षा राज्याभिषेकाची कल्पना अधिक जवळची आहे. शमुवेल दावीदाला तेलाचा अभिषेक करतो तो राजा म्हणून. रोमन सत्तेखालील यहुदी प्रदेशात एखाद्याला ‘ख्रिस्त’ म्हणणे हे, यास्तव, केवळ आध्यात्मिक विधान नव्हते. वधस्तंभावरील ‘यहुद्यांचा राजा’ या आरोपलेखाचा उलगडा त्यावरून होतो.

दुसरा शब्द ‘वल्हांडण’. ‘ओलांडणे’ या क्रियापदाच्या कुळातील हा शब्द मराठी भाषांतरकारांनी हिब्रू ‘पेसाह’साठी योजला. मिसर देशात ज्या घरांच्या चौकटींना कोकऱ्याचे रक्त लावलेले होते, ती घरे परमेश्वराने ओलांडली, ही निर्गमाच्या बाराव्या अध्यायातील कथा त्या शब्दात साठवली आहे. मूळ हिब्रू धातूचा अर्थ ‘ओलांडणे’ की ‘पाखर घालून राखणे’ याविषयी मतभेद असून, यशयाच्या एकतिसाव्या अध्यायातील प्रयोग दुसऱ्या अर्थाकडे झुकतो. असो. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल ख्रिस्ताला वल्हांडणाचे कोकरू म्हणतो. मराठीत येथे ‘यज्ञ’ शब्दाची छाया पडते आणि देवाला संतुष्ट करण्यासाठी दिलेला बळी असा बोध होतो. परंतु वल्हांडणाचे कोकरू हे पापार्पण नव्हते. ते भाजून कुटुंबाने मिळून खावयाचे असे, आणि त्याची खूण दास्यातून झालेल्या सुटकेची होती. पौलाच्या वाक्यात, म्हणून, सुटकेचा अर्थ अगोदर पाहावयास हवा. प्रायश्चित्ताचा विचार इतर वचनांच्या आधारे त्यानंतर करावा.

याच सणाला कोकणातील बेने इस्राएल समाजाचे जुने मराठी नाव अगदी निराळे होते. हायीम सॅम्युएल किहिमकर यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापल्या गेलेल्या आपल्या इतिहासग्रंथात समाजाच्या सणांची देशी नावे नोंदविली आहेत. नववर्षाला ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताच्या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’, मंदिराच्या विध्वंसाच्या स्मृतिदिनाला ‘बिरड्याचा सण’, आणि वल्हांडणाला ‘अनाशी ढाकाचा सण’ असे म्हटले जाई. अनास म्हणजे आंबट कालवणाचे भांडे. त्या दिवसांत ते झाकून ठेवीत, यावरून हे नाव पडले. येथे मिसर नाही, मोशे नाही, कोकरूही नाही. आंबवलेल्या पदार्थांचा निषेध मात्र स्वयंपाकघरात शाबूत आहे. कथा विस्मृत होऊन आचार टिकल्याचे हे उदाहरण भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही मोलाचे वाटेल. पुढे कथाही परत आली. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा ‘हागादा’ हा ग्रंथ हिब्रू मूळ व मराठी भाषांतर यांसह छापला गेला. पुणे प्रतीच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत.

तिसरा शब्द ‘करार’. बायबलाच्या दोन्ही भागांना मराठीत हेच नाव आहे. अरबीतून आलेल्या या शब्दाला व्यवहाराचा वास आहे. दोन समान पक्षांनी अटी ठरवून केलेला ठराव, असा त्याचा रूढ अर्थ. हिब्रू ‘बेरीथ’ हा शब्द राजांच्या तहालाही लागतो, पण देव आणि इस्राएल यांच्या संबंधात तो समान पक्षांचा ठराव नसतो. मराठेशाहीच्या कागदपत्रांतील ‘कौल’ त्याच्या काहीसा जवळ येतो. वरिष्ठाने आपण होऊन अभय द्यावे, आणि रयतेने त्या आश्वासनाच्या छायेत आपली कर्तव्ये पाळावीत, असे त्याचे स्वरूप असे. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात झालेल्या ग्रीक भाषांतरात ‘बेरीथ’साठी ‘दियाथेके’ हा शब्द आला. व्यवहारात त्याचा अर्थ ‘मृत्युपत्र’. या दुहेरी अर्थाचा उपयोग इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात केलेला आहे. ‘नवा करार’ ही कल्पनाही मुळात ख्रिस्ती नाही; ती यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात आहे, आणि तेथे नवा करार इस्राएल व यहूदा यांच्याच घराण्यांशी व्हावयाचा आहे. ‘जुना’ म्हणजे रद्द झालेला, असा जो अर्थ व्यवहारातील करारावरून सहज सुचतो, तो यिर्मयाच्या वचनाला लावता येत नाही.

सर्वांत दूरगामी परिणाम झाला तो चौथ्या शब्दाचा. हिब्रू ‘तोरा’ हा शब्द ‘दाखविणे, शिकविणे’ या अर्थाच्या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘शिकवण’ होय. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘नोमोस’, म्हणजे कायदा, हा शब्द घेतला. मराठीत त्याचे ‘नियमशास्त्र’ झाले. शिकवणीचे नियम झाले, नियमांचे ओझे झाले, आणि ते ओझे वाहणारा ‘परुशी’ हा मराठी ख्रिस्ती बोलण्यात ढोंगी माणसाचा पर्याय होऊन बसला. ज्या तोरेच्या स्तुतीसाठी एकशे एकोणिसावे स्तोत्र हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांवर १७६ वचनांत रचले गेले, तिच्याविषयीचा आनंद ‘नियमशास्त्र’ या शब्दात कोठे राहिला? सिम्हाथ तोराच्या दिवशी ग्रंथपट हाती घेऊन नाचणाऱ्या यहुद्यांना पाहिले, म्हणजे हा आनंद अद्यापि जिवंत असल्याचे कळते. पौल स्वतःला परुशी म्हणवितो, हेही विसरून चालणार नाही. रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात तो ख्रिस्ताला नियमशास्त्राचे ‘तेलोस’ म्हणतो; या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘शेवट’ तसाच ‘उद्दिष्ट’ही होतो. यांपैकी कोणता घ्यावयाचा, हे व्याकरण ठरवीत नाही. वाचकाची यहुदी धर्माविषयीची धारणा ते ठरविते. ई. पी. सँडर्स यांच्या १९७७ च्या ग्रंथाने ही धारणा तपासावयास लावली. तत्कालीन यहुदी धर्मात माणूस आज्ञापालनाने देवाची कृपा विकत घेत नसून, कृपेने मिळालेल्या करारात टिकून राहण्यासाठी आज्ञा पाळीत असे, हे त्यांनी यहुदी ग्रंथांच्या आधारे मांडले. त्यांची सर्वच मते सर्वमान्य झाली नाहीत. परंतु पूर्वीचे व्यंगचित्र पुन्हा विद्वत्तेच्या नावाने मांडणे त्यानंतर कठीण झाले.

शब्दांविषयीची ही जागरूकता महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्राएलांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. समाजात धर्मांतर फारच थोड्यांनी केले. पण हिब्रूचे शिक्षण मात्र रुजले, आणि पुढे जोसेफ इझिकेल राजपुरकर यांच्यासारख्या त्याच समाजातील विद्वानाने यहुदी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. पंडिता रमाबाईंना प्रचलित मराठी बायबलातील संस्कृतप्रचुर शब्द खटकत. त्यांतून हिंदू कल्पना नकळत शिरतात, असे त्यांचे मत होते. म्हणून त्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मुळावरून संपूर्ण बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करून १९२२ मध्ये निवर्तल्या. ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. बेने इस्राएल समाज शतकानुशतके कोकणात राहिला, म्हणून त्याचे आजचे आचार म्हणजे येशूच्या काळातील आचारच होत, असे मानणे चुकीचे ठरेल. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून सात स्त्रिया व सात पुरुष वाचले, ही समाजाची परंपरागत उत्पत्तिकथा आहे. तिचा काळ निश्चित करता येत नाही. त्याच्या उपासनेला आजचे रूप अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत, कोचीनच्या व बगदादी यहुद्यांच्या संपर्काने आणि छापील ग्रंथांच्या प्रसाराने आले. शिवाय सर्वत्रच्या यहुदी धर्माची घडण इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडल्यानंतर रब्बींच्या हातून नव्याने झाली. पुण्याचा हागादा हाती धरून प्रभुभोजनाच्या रात्रीचे वर्णन करू पाहणारा अभ्यासक, यास्तव, फसेल. ते भोजन वल्हांडणाचेच होते की त्याच्या आदल्या रात्रीचे, याविषयी पहिली तीन शुभवर्तमाने आणि योहान यांतही एकवाक्यता नाही.

मग या शेजाराचा उपयोग कोणता? ‘यहुदी’ हा शब्द पुस्तकातील प्रतिपक्षाचे नाव म्हणून शिकलेल्या विद्यार्थ्याला, तो पेणकर, रोहेकर, नवगावकर अशा आडनावांच्या, मराठीत बोलणाऱ्या आणि तोरेला भार न मानणाऱ्या माणसांचा शब्द आहे, हे कळते. पहिल्या शतकाचा पुरावा त्या शतकाच्या ग्रंथांतूनच शोधावयाचा. १९४७ पासून कुमरानजवळ सापडलेल्या लेखांनी त्यात मोठी भर घातली आहे. परंतु त्या ग्रंथांकडे जाताना पूर्वग्रह घेऊन जाऊ नये, एवढी शिस्त पनवेलच्या ‘मशिदी’तील तासाभराच्या उपस्थितीनेही लागू शकेल. परुश्यांवरील टीकेचा उतारा मराठीत समजावून देताना, शेवटच्या बाकावर एखादा बेने इस्राएल विद्यार्थी बसला आहे असे अध्यापकाने धरून चालावे. त्याच्यासमोर जे विधान करता येणार नाही, ते पुराव्याच्या कसोटीला पुन्हा एकदा लावून पाहणे इष्ट होय.