रिकामी निवड, सुबक चित्र

आयुर्वेदीय द्रव्यांवरील परिसंवादांत रेणूंची रंगीत त्रिमितीय चित्रे आता सर्रास दाखविली जातात. औषधांच्या माहितीपत्रकांतही ती छापली जातात. अशा चित्रामागे संगणकाची आज्ञावली असते आणि तीत चूक राहू शकते, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. आम्हांस हा धडा स्वानुभवातून मिळाला.

शोथावरील व्याख्यानासाठी आम्ही कॉक्स-२ या एन्झाइमचे चित्र सिद्ध करीत होतो. १९७१ साली स्थापन झालेल्या प्रोटीन डेटा बँकेत उंदराच्या कॉक्स-२ची रचना ‘१सीएक्स२’ या क्रमांकाने नोंदलेली आहे. तीत एससी-५५८ हा अवरोधक रेणू असून त्याची सांकेतिक खूण ‘एस५८’ अशी आहे. पायमॉलसाठी आज्ञावली लिहिताना आमच्या हातून ‘एस८५’ असे टंकले गेले. आज्ञावली शेवटपर्यंत निर्वेध चालली आणि चित्रही सुबक आले. त्याच रचनेतील हीमला अवरोधक समजून आम्ही निश्चिंत झालो होतो! चूक ध्यानी आली ती व्याख्यानाच्या आदल्या रात्री.

असे का घडले? वॉरेन डिलॅनो यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पायमॉलच्या आज्ञावल्या पायथन भाषेत लिहिता येतात. आज्ञेचे नाव चुकल्यास पायथन तेथेच थांबते आणि ओळीचा क्रमांक सांगते. ही व्यक्त लक्षणांची व्याधी होय. निवडीत एकही अणू न सापडणे हा मात्र पायमॉलच्या लेखी दोष नव्हे. ‘शून्य अणू’ एवढी नोंद करून ते पुढे जाते.

उपाय सोपा आहे. प्रत्येक निवडीनंतर ‘काउंट ॲटम्स’ या आज्ञेने अणू मोजावेत. संख्या शून्य असल्यास आज्ञावली तेथेच थांबेल आणि कोणती निवड रिकामी राहिली ते सांगेल, अशी तजवीज करावी. ‘ट्राय’ व ‘एक्सेप्ट’ यांचा वापरही विवेकानेच व्हावा. ‘एक्सेप्ट’खाली केवळ ‘पास’ लिहिणे म्हणजे आमातिसारात आरंभीच स्तंभन देणे. वेग थांबतो, दोष आतच राहतो.

द्रव्याची ओळख पटविल्याविना आपण ते काढ्यात घालीत नाही. औषधनिर्मात्यांनी माहितीपत्रकातील चित्रासही हाच नियम लावावा आणि छपाईपूर्वी आज्ञावली तपासून घ्यावी. चित्र निर्दोष असले तरी ते रेणूचे स्थान तेवढे दाखविते. रुग्णास गुण येतो की नाही, याचा निर्णय चिकित्सेतच व्हावयाचा.