तिकीट तपासनीसाचा नेम

मालवण-कणकवलीच्या व्यापाऱ्यांना फोंडाघाटाचा रस्ता परका नाही. कोल्हापूरच्या बाजाराशी चालणारी त्यांची ये-जा पिढ्यानपिढ्या याच घाटातून होत आली आहे. घाट चढून दाजीपूर ओलांडले की राधानगरी तालुका लागतो. याच तालुक्यातील कांबळवाडी हे नेमबाज स्वप्नील कुसाळे यांचे गाव. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळविले. या प्रकारात भारताला लाभलेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक होय. महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहता, १९५२ साली खाशाबा जाधव यांनी हेलसिंकीत मिळविलेल्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी आलेले हे वैयक्तिक पदक.

या यशाच्या मागे एका चित्रपटाचीही सोबत आहे. महेंद्रसिंह धोनी यांच्या जीवनावरील, नीरज पांडे दिग्दर्शित चित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला. रांचीच्या सामान्य घरातील एक मुलगा, स्थिर नोकरीचा आग्रह धरणारे वडील आणि खरगपूरच्या फलाटावर तिकिटे तपासत सरलेले तरुणपणीचे दिवस त्यात येतात. कुसाळे यांनी हा चित्रपट अनेकदा पाहिला. कारण उघड होते: ते स्वतः २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. मैदानावरील धोनींचा शांतपणा आणि संयम आपल्या खेळालाही तितकाच आवश्यक असल्याचे त्यांनी सांगितले आहे.

तथापि चित्रपट तीन तासांत संपतो. साधना संपत नाही. २००९ साली वडिलांनी त्यांना राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तेथे नेमबाजीची निवड झाली आणि पुढे दीपाली देशपांडे यांचे मार्गदर्शन लाभले. २०२२ च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेत चौथे स्थान मिळाले. त्यातून देशासाठी ऑलिंपिकची जागा निश्चित झाली, पण पदक मात्र हुकले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण लाभले. वैयक्तिक अंतिम फेरीत मात्र आघाडीवर असताना एक नेम चुकला आणि पुन्हा चौथेच स्थान वाट्यास आले. ज्याने गल्ल्यावर बसून मंदीचे हंगाम काढले आहेत, त्यास ही सल वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पॅरिसमध्ये पात्रता फेरीत ५९० गुण मिळवून ते सातव्या स्थानी होते. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून नेम धरताना सहावे, पालथे पडून नेम धरताना पाचवे आणि सर्वांत कठीण अशा उभ्या स्थितीत तिसरे, असे ते एकेक पायरी चढत गेले. अखेर ४५१.४ गुणांवर पदक निश्चित झाले. या खेळात कोणताही जीव नेमावर नसतो. जिंकायचे असते ते स्वतःच्या श्वासाला आणि हृदयाच्या ठोक्याला.

चित्रपटातील नायक नोकरी सोडून जातो. कुसाळे यांनी ती न सोडता खेळ सांभाळला. म्हणजे प्रेरणा घेणे म्हणजे अनुकरण करणे नव्हे. आपल्या परिस्थितीस मानवेल तेवढेच उचलावे आणि ते वर्षानुवर्षे जपावे, हाच त्याचा अर्थ. घरातील एखादा मुलगा वा मुलगी असा चित्रपट पाहून उजळलेल्या चेहऱ्याने बाहेर येते, तेव्हा वडीलधाऱ्यांनी ‘दुकान कोण पाहणार?’ हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवावा. दुकान आणि मैदान यांचा मेळ बसू शकतो. मात्र चौथ्या क्रमांकाच्या दिवशीही घर पाठीशी उभे राहिले पाहिजे.