कुलसचिवांच्या स्वाक्षरीमागची साखळी

उतईजवळच्या नेवई येथील छत्तीसगढ स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठासारख्या संस्थांचा शासनाशी चालणारा व्यवहार कागदावरून संगणकावर येऊ लागला, की पलीकडच्या अधिकाऱ्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो: समोर आलेली गुणपत्रिका कुलसचिवांनीच पाठवली आहे आणि वाटेत तिच्यात फेरफार झालेला नाही, हे कशावरून मानावे?

गणिताने या प्रश्नाचे अर्धे उत्तर १९७०च्या दशकातच दिले. प्रत्येक सहीकर्त्याकडे किल्ल्यांची जोडी असते. स्वतःजवळ गुप्त ठेवलेल्या किल्लीने तो सही करतो आणि जगजाहीर असलेल्या दुसऱ्या किल्लीने ती सही कोणालाही पडताळता येते. मात्र ही जाहीर किल्ली अमुक कुलसचिवांचीच आहे, असे कोणीतरी विश्वासार्ह तिऱ्हाइताने सांगावे लागते, आणि त्याने सही करून दिलेली ही ग्वाही म्हणजेच डिजिटल प्रमाणपत्र होय. माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाल्यावर भारताने यासाठी उतरंडीची रचना स्वीकारली: शिखरावर प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र, त्याखाली सी-डॅक, ई-मुद्रा यांसारख्या परवानाधारक संस्था आणि शेवटी प्रत्यक्ष सहीकर्ता. अमेरिकेत विद्यापीठे आणि संघराज्य शासन यांच्या प्रमाणपत्र-व्यवस्था वेगवेगळ्या वाढल्यामुळे त्यांना जोडणारे ‘सेतू’ प्राधिकरण उभारण्याचा खटाटोप करावा लागला. भारतात मूळ एकच असल्याने तो टळला.

एकच मूळ असण्याची किंमतही असते. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या संकेतस्थळांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. ती देणारी मधली प्रमाणपत्रे नियंत्रकाने तातडीने रद्द केली, तरी गूगलने आपल्या ब्राउझरमध्ये या भारतीय मुळावरचा विश्वास मोजक्या भारतीय डोमेनांपुरताच मर्यादित केला. त्याआधी २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार ही प्रमाणपत्रे देणारी कंपनी, बाहेरून झालेल्या घुसखोरीतून अशीच अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्यामुळे, दिवाळखोरीत गेली होती, आणि तिची प्रमाणपत्रे वापरणाऱ्या डच शासनाची चांगलीच धावपळ उडाली होती. दोन्ही प्रसंगी गणित अभेद्यच राहिले. ढासळला तो प्रमाणपत्र देणाऱ्यांचा कारभार.

हाच धोका छोट्या प्रमाणावर विद्यापीठाच्या कचेरीतही संभवतो. कायद्याच्या दृष्टीने गुप्त किल्ली केवळ सहीकर्त्याच्या ताब्यात असावी लागते, म्हणून ती यूएसबी टोकनमध्ये, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘डोंगल’मध्ये, पासवर्डसह बंदिस्त असते. साहेब दौऱ्यावर जाताना डोंगल आणि पासवर्ड दोन्ही कारकुनाच्या हवाली करून गेले, तर पडताळणीत सही खरीच ठरते, पण ती साहेबांनी केलेली नसते. तंत्रज्ञांच्या परिषदांत या साध्या सवयीची चर्चा व्हावी तितकी होत नाही. कुलसचिव बदलले की त्यांच्या पदनामाचे प्रमाणपत्र विनाविलंब रद्द करून घेणेही तितकेच आवश्यक असते, कारण पडताळणाऱ्या संगणकाला निवृत्तीचा आदेश वाचता येत नाही. तो रद्द प्रमाणपत्रांची यादी तेवढी पाहतो.