लखपतचं पाणी कोणी तोडलं?

चार्ल्स लायेलच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्त्यांत एका किल्ल्याचं चित्र आहे. किल्ला कच्छच्या रणातला, नाव सिंद्री. मूळ रेखाटन १८०८ सालचं, कॅप्टन ग्रिंडले यांच्या हातचं. हे रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले मुंबई सैन्यात होते. पुढे लंडनला त्यांनी सुरू केलेल्या पेढीची ग्रिंडलेज बँक झाली, ती जुन्या मुंबईकरांना चांगली ठाऊक आहे. चित्र काढल्यावर अकरा वर्षांनी, १६ जून १८१९ च्या संध्याकाळी, सिंद्री पाण्याखाली गेला. भूगर्भशास्त्राच्या त्या काळच्या सर्वांत महत्त्वाच्या ग्रंथात कच्छमधल्या एका जकातीच्या ठाण्याला जागा कशी मिळाली, या कुतूहलापोटी मी कच्छविषयी मिळेल ते वाचत आले. लखपतला गेले तीही त्यातूनच.

भुजहून लखपतची एका दिवसाची सहल आता मराठी पर्यटकांच्या अंगवळणी पडली आहे. रण उत्सवाला आलेली मंडळी पांढरं रण आणि काळा डुंगर उरकून तिसऱ्या दिवशी पश्चिमेची वाट धरतात. पहाटे निघायचं, माता नो मढला आशापुरेचं दर्शन घ्यायचं, गांडा बावळाच्या झुडपांतून आणि पानंध्रोच्या लिग्नाइट खाणींवरून लखपत गाठायचं. मग नारायण सरोवर, कोटेश्वर, जमलं तर भारताच्या पश्चिम टोकाच्या गुहार मोतीजवळचा सूर्यास्त. नारायण सरोवर आणि कोटेश्वर यांवर मराठीत भरपूर लिहून झालं आहे, त्यामुळे ते इथे सोडते. मला लखपतबद्दलच सांगायचं आहे, कारण तिथे रोज शेकडो माणसांना एक गोष्ट सांगितली जाते आणि ती अर्धीच खरी आहे.

लखपतचा तट सुमारे सात किलोमीटरचा. जमादार फतेह मुहंमदने तो १८०१ मध्ये उभारला. आत आज मोजकी घरं उरली आहेत. बाकी पडक्या भिंती, बाभळी आणि वारा. गुरू नानक इथे मुक्कामाला होते अशी श्रद्धा असलेला गुरुद्वारा आहे. त्याच्या जतनाच्या कामाला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, आणि ते काम खरोखर नीट झालं आहे. पीर गौस मुहंमदची कबर आहे. तटाच्या वायव्य अंगाला सीमा सुरक्षा दलाचा पहारा असतो. तिथल्या पायऱ्या चढून वर गेलं की समोर कोरी खाडीचा करडा, सपाट विस्तार. गाईड इथेच थांबतात आणि हात लांब करून सांगतात : इथून सिंधू नदी वाहायची, इथे भात पिकायचा, रोज लाख कोरी (कच्छचं जुनं नाणं) जकात जमायची म्हणून लखपत. मग १८१९ चा भूकंप झाला, नदीने एका रात्रीत तोंड फिरवलं आणि शहर ओस पडलं.

आमच्या गाईडनेही हेच सांगितलं. अतिशय मनापासून सांगितलं, कारण त्याच्या आजोबांकडून त्याने तेच ऐकलं होतं. नावाचा उलगडा राव लखपतजींपाशी होतो हे त्यालाही ठाऊक होतं. मी एवढंच विचारलं, “भाई, मोराचा बंधारा कुठल्या दिशेला येतो?” त्याने उत्तरेला बोट केलं आणि म्हणाला, “बेन, ते तर पाकिस्तानात. तिकडचं कोण विचारतं?”

विचारायला हवं ते तिथलंच.

गोष्ट सुरू होते दिवाणाच्या रुसव्यापासून. राव लखपतजींच्या पश्चात १७६० मध्ये राव गोडजी गादीवर आले. त्यांच्या दरबारातला जुना दिवाण पुंजा शेठ दुखावला गेला आणि सिंधच्या गुलाम शाह कल्होऱ्याला जाऊन मिळाला. हा गुलाम शाह म्हणजे ज्याने पुढे १७६८ मध्ये सिंधचं हैदराबाद वसवलं तोच. १७६२ मध्ये तो फौज घेऊन कच्छवर चालून आला. आजच्या लखपत तालुक्यातल्या झाऱ्याच्या डोंगरावर लढाई झाली आणि कच्छच्या बाजूची हजारो माणसं मारली गेली. कच्छी लोकस्मृतीत ही लढाई अजून ताजी आहे. पण झाऱ्याहून मोठा घाव नंतर बसला. परत गेल्यावर गुलाम शाहने सिंधूच्या पूर्वेकडच्या फाट्यावर, पुराण नदीवर, मोरा या ठिकाणी मातीचा बंधारा घातला आणि पाणी कालव्यांनी आपल्या मुलखात वळवलं. पुढे दोन्ही दरबारांत समेट झाला, पण बंधारा जागच्या जागी राहिला. तालपूर मीरांच्या अमदानीत खाली अलीबंदरला आणखी एक बांध पडला. सायरा नावाचा लखपतचा भातखाचरांचा परगणा असा पाण्यावाचून मेला आणि हळूहळू रणात मिसळून गेला.

हे सगळं भूकंपाच्या आधीचं, मोराचा बंधारा तर अर्धशतकाआधीचा. लखपतचं गोडं पाणी माणसाने तोडलं, जाणूनबुजून आणि सूड म्हणून. वरच्या अंगाला बसलेल्याने खालच्याचं पाणी अडवायचं, ही रीत आपल्याला नवी नाही. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांत वाढलेल्या मराठी वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही.

मग लखपत तेव्हाच का ओस पडलं नाही? कारण गाव भातावर जगत होतं तसं व्यापारावरही जगत होतं. सिंधकडे जाणारा माल याच वाटेने जायचा. मोराचा बंधारा पडून सदतीस-अडतीस वर्षं झाल्यावर फतेह मुहंमदने सात किलोमीटरचा तट बांधला. रणाच्या तोंडाशी मरायला टेकलेल्या गावावर कोणी एवढा दगड खर्च करत नाही. फतेह मुहंमद शेळ्या राखण्यापासून वर चढून कच्छचा सर्वेसर्वा झालेला माणूस, पैशाची किंमत त्याला पुरेपूर ठाऊक होती. सिंद्री हे याच वाटेवरचं, लखपतच्या वरच्या अंगाचं, कच्छ दरबाराचं नाकं.

आता १८१९. भूकंप झाला तेव्हा कॅप्टन जेम्स मॅकमर्डो हा कच्छमधला कंपनीचा रेसिडेंट होता. त्याचा मुक्काम अंजारला असे. भुजच्या किल्ल्यावर कंपनीचा ताबा येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. त्याआधी मॅकमर्डो गोसाव्याच्या वेषात कच्छमध्ये राहिला होता आणि लोक त्याला ‘भूरिया बावा’ म्हणत, अशी आख्यायिका आहे. अंजारच्या त्याच्या बंगल्यातल्या भिंतींवर कामांगरी शैलीतली चित्रं आहेत. इंग्रज अधिकाऱ्याच्या घरात रामायणातले प्रसंग! नेहमीच्या सहलीत अंजार नसतं, ही मोठीच उणीव आहे. भूकंपात एकट्या भुजमध्ये हजाराहून अधिक माणसं दगावली, सात हजारांच्या घरात घरं कोसळली. पार अहमदाबादच्या जामा मशिदीचे हलते मिनार पडले. मॅकमर्डोने कुठे किती पडलं, धक्का कुठून कुठे गेला, विहिरींचं पाणी कसं वागलं, याची माहिती गोळा केली आणि मुंबईला लिहून पाठवली. १८२० मध्ये पटकीने तो गेला. ते लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १८२३ मध्ये, लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बेच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’च्या तिसऱ्या खंडात छापलं गेलं. ही लिटररी सोसायटी म्हणजे आजच्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीची पूर्वज. भारतातल्या भूकंपाचा इतक्या बारकाईने लिहिलेला त्याआधीचा वृत्तांत माझ्या वाचनात नाही.

पण सिंद्रीपर्यंत पोचला तो दुसरा एक तरुण, अलेक्झांडर बर्न्स. पुढे बुखाऱ्याच्या प्रवासाने गाजलेला आणि १८४१ मध्ये काबूलमध्ये जमावाने मारलेला तोच हा बर्न्स. कच्छमध्ये तो विशीत होता, पोलिटिकल एजंटचा मदतनीस म्हणून. त्याने १८२७ आणि १८२८ मध्ये रणाच्या या कोपऱ्याची पाहणी केली, नकाशा काढला, आणि माणसांना गाठून गाठून भूकंपाच्या संध्याकाळी काय झालं ते विचारलं. लायेलने त्याच्याच टिपणांवर भिस्त ठेवली. भूकंपात सिंद्रीची भिंत पडली नव्हती. किल्ला उभाच्या उभा खाली बसला. त्याच्याभोवतीची जमीन खचली आणि काही तासांत खाडीच्या वाटेने समुद्राचं पाणी आत घुसलं. पसरलेल्या तळ्याचा अंदाज दोन हजार चौरस मैलांचा दिला आहे. ठाण्यातली माणसं चार बुरुजांपैकी वायव्येच्या बुरुजावर चढली आणि नंतर होड्यांतून सुटली. जमीन खचणार म्हणून कोणी सावध केलेलं नाही, दिवस मावळलेला, खाली घरांची छपरं पाण्यात, आणि जकात वसूल करणारी ती साधी माणसं बुरुजाच्या माथ्यावर. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

त्याच वेळी सिंद्रीच्या उत्तरेला पाच मैलांवर जमीन वर आली होती. पन्नास मैलांहून लांब, काही ठिकाणी सोळा मैल रुंद, उंची दहा फुटांपर्यंत. हाच अल्लाहबंद. बर्न्स १८२८ मध्ये होडीने सिंद्रीला गेला तेव्हा एक बुरूज उभा होता आणि पडक्या भिंतींचे माथे पाण्यावर दोन-तीन फूट दिसत होते. एका भिंतीवर उभं राहून त्याने चौफेर पाहिलं, तर सगळीकडे पाणी. फक्त उत्तरेला जमिनीची एक निळसर रेघ, तोच बंद. जमीन वर-खाली होणं ही पुराणकाळची गोष्ट नाही, ती माणसांच्या डोळ्यांदेखत घडते, हे लायेलला पटवायचं होतं. कच्छने त्याला तारखेसह पुरावा दिला.

आता ज्या नोंदीमुळे मला गाईडच्या गोष्टीवर हरकत घ्यावीशी वाटते, ती. भूकंपापूर्वी लखपतच्या खाडीत ओहोटीला फूटभर पाणी असे, भरतीलाही सहा फुटांच्या वर कधी नाही. माणसं पायी पार होत. भूकंपानंतर त्याच जागी ओहोटीलाही अठरा फुटांहून जास्त खोली मिळाली. म्हणजे ज्या भूकंपाने लखपत बुडवलं असं रोज सांगितलं जातं, त्याने लखपतची खाडी खोल करून दिली. गाळाने बुजलेला जलमार्ग पुन्हा होड्यांसाठी खुला झाला.

याहून विलक्षण गोष्ट १८२६ ची. त्या वर्षी सिंधूला मोठा पूर आला. पाण्याने माणसांचे बांध एकामागून एक फोडले आणि शेवटी अल्लाहबंदही कापला. कापलेली वाट चाळीस यार्ड रुंद, अठरा फूट खोल. चिकणमातीच्या त्या काठांत बर्न्सला शिंपले सापडले. साठ वर्षांनी सिंधूचं पाणी कच्छकडे आलं, सिंद्रीचं तळं कित्येक महिने गोडं झालं. १८२८ पर्यंत ते परत खारट झालं. साठ वर्षांपूर्वी भातखाचरं गेलेल्या कुटुंबांतले कोणी म्हातारे त्या महिन्यांत जिवंत असतील तर त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

भूकंपानंतरही लखपत जगलं याचा पुरावा गावातच उभा आहे. पीर गौस मुहंमद वारले १८५५ मध्ये, भूकंपानंतर छत्तीस वर्षांनी. हिंदू-मुसलमान दोघांनी मानलेला हा संत. त्याची कबर भाविकांच्या पैशातून उभी राहिली. तिथल्या दगडातली फुलं आणि अक्षरं जवळून पाहा. बोट फिरवलं तर कळतं, पाकळीची कड अजून धारदार आहे. असं काम करून घेणारं गाव भिकेला लागलेलं नसतं. लखपत खऱ्या अर्थाने रिकामं झालं ते त्यानंतर, आणि माझ्या मते त्याचं कारण जमिनीखाली नाही, कराचीत आहे. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, कराचीचं बंदर वाढवलं, १८६१ मध्ये तिथून कोटरीपर्यंत रेल्वे धावू लागली. सिंधचा माल कोरी खाडीकडे येण्याचं मग काही कारणच उरलं नाही. गोड्या पाण्याचा तुटवडा तर गुलाम शाहपासूनचा होताच.

एका रात्रीत तोंड फिरवणारी नदी ऐकायला सुंदर आहे, पण त्यात दोषी कोणीच नसतो. पुंजा शेठचा सूड नाही, गुलाम शाहचा बंधारा नाही, झाऱ्याला पडलेली माणसं नाहीत, नंतरच्या व्यापाराचं गणित नाही. निसर्गावर सगळं ढकललं की माणसांनी माणसांचं काय केलं ते पुसलं जातं. २६ जानेवारी २००१ नंतर कच्छमध्ये ‘भूकंप’ या शब्दाला इतकं वजन आलं आहे की जुनी प्रत्येक पडझड त्याच खात्यावर जमा होते. ते समजण्यासारखं आहे. बरोबर नाही.

सिंद्रीची जागा आज सीमेलगतच्या प्रतिबंधित पट्ट्यात आहे, अल्लाहबंदाचा काही भाग पलीकडे. सहलीची बस तिथे कधी जाणार नाही. लखपतच्या तटापर्यंत मात्र ती रोज जाते. गुजरात पर्यटन खात्याने तटाच्या दरवाजाशी एक फलक लावावा आणि त्यावर १८१९ च्या आधी १७६२ ची लढाई आणि मोराचा बंधारा लिहावा. मुंबई-पुण्याहून सहली नेणाऱ्यांनी आपल्या गाईडांना ही हकिगत सांगावी. आणि तुम्ही या हिवाळ्यात जाणार असाल तर सूर्यास्तासाठी घाई न करता लखपतला दोन तास जास्त मागून घ्या, गौस मुहंमदच्या कबरीवरचं साल पाहा, आणि परतीच्या वाटेवर बस अंजारला वळवायला लावा.