क्ष म्हणजे झाकलेली डबी

 

मागे एकदा गटाची बैठक आटोपली, हिशोबाची वही मिटली आणि एक ताई हळूच म्हणाली, "माझी पोरगी नववीत गेली आणि गणिताचं पुस्तक उघडायलाच तयार नाही. म्हणते, आकड्यांत अक्षरं घुसलीत, मला नाही समजत. शाळा सोडते, वाडीत चिकू काढायला जाते." सगळ्या गप्प झाल्या. घरोघरी थोडंफार हेच आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींची शाळा त्या इयत्तेच्या आधीच सुटली. आमच्यात बीए झालेल्या आहेत, पण बीजगणित म्हटलं की आमच्याही पोटात गोळा येतो. मग आम्ही ओळखीच्या एका गणिताच्या बाईंना बोलावलं. त्यांनी खडू-फळा मागितलाच नाही. म्हणाल्या, "काडेपेटीच्या रिकाम्या डब्या, मूठभर चिंचोके आणि जुन्या लग्नपत्रिका आणा." त्या दिवशी आम्ही जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी एक हिशोब करू. गटात दहा जणी आहेत. सगळ्यांचा हप्ता सारखा. उशिरा आलेल्यांचा दंड २० रुपये जमला. पेटीत एकूण १०२० रुपये आहेत. तर हप्ता किती? तुम्ही तोंडीच सांगाल, शंभर. कसं काढलं? आधी दंडाचे २० बाजूला केले, मग राहिलेल्या हजाराचे दहा वाटे केले. मैत्रिणींनो, हेच बीजगणित. पुस्तकात ते असं लिहितात: १०क्ष + २० = १०२०. जो हप्ता आपल्याला ठाऊक नाही, त्याला नाव दिलं क्ष. हल्लीच्या पुस्तकात त्याला इंग्रजी अक्षर एक्स असतं. अक्षर कुठलंही घ्या, अर्थ एकच: झाकून ठेवलेली संख्या.

आता डब्यांचा खेळ. अंगणात खडूने दोन मोठे गोल काढा. ही तराजूची दोन पारडी. मुलीला पाठ फिरवायला सांगा. दोन डब्या घ्या, दोन्हींत चार-चार चिंचोके घालून बंद करा. त्या डाव्या गोलात ठेवा, शेजारी तीन चिंचोके सुटे ठेवा. उजव्या गोलात अकरा चिंचोके सुटे ठेवा. आता मुलीला सांगा, दोन्ही पारडी बरोबरीत आहेत, दोन्ही डब्यांत चिंचोके सारखेच आहेत. डबी न उघडता ओळख, एका डबीत किती?

मासळीबाजारात तराजू बघितलेल्या मुलीला नियम शिकवावा लागत नाही. एका पारड्यातून जेवढं काढाल, तेवढंच दुसऱ्यातून काढायचं, नाहीतर काटा कलतो. ती दोन्हीकडून तीन-तीन चिंचोके उचलेल. उरल्या दोन डब्या आणि आठ चिंचोके. आठाचे दोन सारखे वाटे केले की एका डबीचे चार. मग डबी उघडून खात्री करायची. त्या वेळचा चेहरा बघण्यासारखा असतो. ही झाली २क्ष + ३ = ११ ची उकल. शाळेत "तीन पलीकडे नेले की वजा होतात" असं पाठ करतात. पण तीन पलीकडे जात नाहीत, दोन्हीकडून उचलले जातात, हे इथे हाताला कळतं.

एक चूक मात्र टाळा. "क म्हणजे केळी, च म्हणजे चिकू" असं सांगू नका. ऐकायला सोपं वाटतं, पण पुढे घोटाळा होतो. अक्षर म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूंची संख्या. डबी म्हणजे चिंचोका नाही, "आत किती चिंचोके" हा आकडा आहे. दोन वेगळ्या अनोळखी संख्या असतील, तर डब्या दोन रंगांनी रंगवा. ही युक्ती जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणित' ग्रंथ लिहिला. त्यात अनोळखी संख्यांना कालक, नीलक, पीतक, म्हणजे काळा, निळा, पिवळा, अशी रंगांची नावं आहेत.

डब्या जमल्या की लग्नपत्रिका घ्या. जाड पुठ्ठ्याचे तीन प्रकारचे तुकडे कापायचे. मोठा चौकोन, चारही बाजू ७ सेंटीमीटर. पट्टी, ७ सेंटीमीटर लांब आणि २ सेंटीमीटर रुंद. छोटा चौकोन, चारही बाजू २ सेंटीमीटर. छोट्याची बाजू म्हणजे एक, मोठ्याची बाजू म्हणजे क्ष. त्यामुळे मोठा चौकोन क्षचा वर्ग, पट्टी नुसता क्ष आणि छोटा चौकोन एक. मापं मुद्दाम अशी घेतली आहेत, की छोटे तुकडे मोठ्याच्या बाजूला नेमके बसत नाहीत. नाहीतर मुलं तुकडे मोजून क्षची किंमत ठरवून टाकतात.

आता मुलीला एक मोठा, पाच पट्ट्या आणि सहा छोटे द्या. म्हणावं, गोधडीचे तुकडे जोडतो तसे जोड, पण मधे भोक नको आणि कडा सरळ हवी. ती मोठ्याच्या एका बाजूला दोन पट्ट्या लावेल, दुसऱ्या बाजूला तीन, आणि कोपऱ्यात सहा छोटे बसवेल. पूर्ण आयत तयार. त्याची एक बाजू क्ष + २, दुसरी क्ष + ३. पुस्तकात याला अवयव पाडणे म्हणतात.

आणखी एक गंमत. क्ष + १ चा वर्ग किती? बरीच मुलं लिहितात, क्षचा वर्ग अधिक १. तर मग एक मोठा आणि एक छोटा घेऊन चौकोन करून दाखव म्हणावं. होतच नाही. दोन पट्ट्यांची जागा रिकामी दिसते. ते राहिलेले २क्ष एकदा डोळ्यांनी दिसले, की सहसा विसरत नाहीत.

जवळच्या वस्तूंतून शिकवणं आपल्या भागाला नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधनं इथल्या पाड्यांना परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं हाताशी घेतली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. ते काम मुख्यतः लहान मुलांचं होतं, पण मोठ्या मुलांनाही तीच वाट उपयोगी पडते: आधी हात, मग चित्र, मग अक्षर. डब्या मांडून झाल्या की त्यांचं चित्र वहीत काढू द्या. चित्र जमलं की डबीच्या जागी क्ष लिहू द्या. पायरी गाळू नका. आणि कायम डब्यांवरही थांबू नका, कारण परीक्षेत डब्या नसतात.

मोबाइलचाही उपयोग आहे. बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड दीक्षा ॲपने उघडला, की धड्याचं साहित्य मिळतं. जिओजेब्रा नावाचं ॲप फुकट आहे. त्यात समीकरण लिहिलं की त्याची रेघ दिसते आणि आकडा बदलला की रेघ कशी कलते तेही दिसतं. एकदा उतरवून घेतलं की आलेख काढायला नेट लागत नाही. पण मोबाइल चित्राच्या पायरीवर घ्या, हाताच्या नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला लिहिता-वाचता येत नाही, आम्ही काय शिकवणार? मैत्रिणींनो, पहिल्या पायरीला अक्षर लागतच नाही. डबी भरणं, झाकणं आणि "सांग बघू, आत किती?" असं विचारणं, एवढं प्रत्येक आईला जमतं. आमच्या त्या ताईने तेच केलं. स्वयंपाक होईपर्यंत रोज पंधरा मिनिटं चुलीपाशी डब्या मांडल्या. मुलगी अजून अडते, चिडते, पण शाळेत जाते आहे. परवा तिनेच डब्या भरल्या आणि आईला विचारलं, "आई, सांग बघू, आत किती?" आईने उत्तर बरोबर दिलं.

येत्या बैठकीला प्रत्येकीने चार रिकाम्या डब्या आणि मूठभर चिंचोके घेऊन या. आपल्या मुलींनाही सोबत आणा. हिशोब झाला की अर्धा तास खेळू.