चुलीचा धूर आणि भिंतीवरची घोषणा

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आमच्या गटाच्या वाट्याला 'घरातली हवा आणि कुटुंबाचे आरोग्य' हा विषय आला. आम्ही उत्साहाने गेरू कालवला, देवळाजवळच्या भिंतीवर 'धूर टाळा, आरोग्य सांभाळा' असे हातभर अक्षरांत लिहिले आणि संध्याकाळी एक पथनाट्यही केले. लोक हसले, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी एका घरी पत्रक द्यायला गेलो, तेव्हा चुलीपुढे बसलेली आजी फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "धूर वाईट असतो हे माझ्या डोळ्यांना पन्नास वर्षं ठाऊक आहे, बाळांनो. भिंतीला झरोका पाडायचं तेवढं याला सांगा," आणि तिने ओटीवर बसलेल्या मुलाकडे बोट केले. मुलगा बाहेर बघू लागला. आमच्या पत्रकात झरोक्याविषयी एक अक्षरही नव्हते!

हा लेख लिहावासा वाटला तो त्या फजितीमुळे.

लाकूड, पऱ्हाट्या, गोवऱ्या हे जळण चुलीत पुरते जळत नाही. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू निघतात आणि अतिशय बारीक कण हवेत तरंगतात. त्यांपैकी अडीच मायक्रॉनहून लहान कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ठरवलेली मर्यादा अशी की, चोवीस तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत असे कण १५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावेत. बंद स्वयंपाकघरात भाकऱ्या चालू असताना हा आकडा कित्येक शेकड्यांवर जातो. आणि त्या वेळी चुलीपाशी असते कोण? घरातली बाई, आणि तिच्या मांडीवरचे किंवा पाठीशी खेळणारे मूल. याच संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली. त्यांत पाच वर्षांखालील मुले २ लाख ३७ हजारांहून अधिक होती.

हे ज्ञान काही कालचे नाही. दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५०च्या दशकातच फुफ्फुसाच्या विकारामुळे हृदयावर ताण येणाऱ्या रुग्णांचा अभ्यास केला. विडीला न शिवणाऱ्या स्त्रियाही त्यांत भरपूर होत्या. पुढे कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया नेमका किती धूर घेतात ते मोजले आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. तरीही माझ्या आजीला दम लागतो म्हणून तालुक्याला नेले, तेव्हा पहिला प्रश्न आला तो "तंबाखू ओढता का?" हाच. चुलीविषयी कोणी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही. चूल हे काय सांगायचे कारण?

निर्धूर चुलीचे प्रयत्नही जुनेच. वर्ध्याच्या मगनवाडीतली मगन चूल जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. १९८३च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ पर्यंत तो चालला आणि सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याचे सांगितले गेले. परंतु चूल बसवणे वेगळे आणि ती नांदणे वेगळे. धुराड्यात काजळी साचते, ती काढली नाही तर धूर उलटा घरात येतो. मोठे पातेले बसावे म्हणून बाई वैलाचे तोंड फोडून रुंद करते, आणि ओढ बिघडते. कुंभाराच्या हाताला ठाऊक असलेली ही गोष्ट भित्तिपत्रकात मावत नाही. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने कुंभारांनाच सुधारित चुली घडवण्याचे शिक्षण दिले, ते मला म्हणूनच शहाणपणाचे वाटते. ओडिशातल्या खेड्यांत सुधारित चुली वाटून काही वर्षे पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०१२ मध्ये आला: पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर फरक उरला नाही. लोकांनी चुली नियमित वापरल्या नाहीत आणि दुरुस्तही केल्या नाहीत.

मग गॅस आला. १ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि ७ सप्टेंबर २०१९ ला आठ कोटीवी जोडणी आपल्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) दिली गेली. काम मोठेच. पण त्याच वर्षी महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की, या कुटुंबांनी वर्षाला सरासरी जेमतेम सव्वातीन टाक्या भरून घेतल्या. अर्थात चहा गॅसवर, आणि भाकरी, आंघोळीचे पाणी चुलीवर. शिबिराच्या गावी हेच दिसले. जळण बायका डोक्यावरून आणतात, त्याला पैसा पडत नाही. टाकीचे पैसे मात्र पुरुषाच्या खिशातून निघतात. शिवाय आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना धुराने कीड लागत नाही, हेही आजीने ऐकवले. तिला अडाणी ठरवणारी आमची घोषणा या सगळ्यापुढे फारच तोकडी पडली.

जाता जाता, शहरातल्या वाचकांनी निश्चिंत होऊ नये. दारे लावून रात्रभर डासांची वेटोळी उदबत्ती जाळणारे आपणच. एका वेटोळ्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात, असे २००३ मध्ये एका संशोधनात आढळले आहे.

शिबिराच्या पाचव्या दिवशी आम्ही पत्रके बाजूला ठेवली आणि चावडीवर पुरुषांनाच बोलावले. गावातल्या गवंड्याने सांगितले की झरोका चुलीच्या वर, छपराखाली असावा, आणि समोरचे दार उघडे राहावे, म्हणजे हवा वाहती राहते. खर्च विचारला गेला, थोडी थट्टाही झाली. आजीचा मुलगा मागे उभा होता. सहाव्या दिवशी दुपारी त्याच्या भिंतीवर पहार पडली. आणखी सात घरांची नावे आमच्या वहीत आहेत. त्यांच्याकडे पुढच्या शिबिरात जायचे आहे.